आक्काचा डावा कान

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते. रागावू नका, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचते. पांढरी साडी, वळणावरचा वड, पैंजणांचा आवाज... आणि सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हमखास आलेला ताप. माझं शिक्षण बायोटेक्नॉलॉजीत झालंय, नोकरी लॅबमध्ये आहे. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीचे हात जोडायचे आणि मी तिचा एक डोळा उघडा आहे का ते वाकून बघायचे. अशी मी आहे. त्यामुळे आज हे इथे लिहायला बसावं लागतंय याचा सगळ्यात जास्त वैताग मलाच आलाय.

आणखी एक आधीच सांगते. यात अंधार नाही. अर्धं घडलं ते ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, एसी लावलेल्या बंद खोलीत, हातमोजे घातलेल्या माणसांसमोर. उरलेलं घडलं आमच्या ओसरीवर, भर दुपारी, जेवणाच्या ताटावर.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावापासून जवळ. नाव लिहीत नाही, लोक लगेच ओळखतील. आम्ही दोघी बहिणी. थोरली सुरेखा, तिला मी आक्का म्हणते. धाकटी मी, वैशाली. आक्काचं बारावी झाल्या झाल्या लग्न लावून दिलं. मी हट्ट करून अंबाजोगाईला कॉलेज केलं, मग पुण्याला शिकले आणि तिथेच लॅबमध्ये लागले. आक्काचं सासर तालुक्यातलंच. सासरे ऊसतोडीचे मुकादम, दारात ट्रॅक्टर, घरात सतत पुढाऱ्यांची ऊठबस. आमच्या आण्णांना त्या सोयरिकीचा इतका अभिमान की बोलता बोलता कुठूनही ते "आमचे जावई" या विषयावर यायचे.

गेल्या वर्षी आण्णांचा फोन आला, की आक्काचा डावा कान कडबाकुट्टीत गेला. जनावरांसाठी कडबा बारीक करायचं ते मशीन. पदर पट्ट्यात अडकला, आक्का ओढली गेली आणि पात्यानं कानाचा वरचा अर्धा भाग नेला, असं त्यांनी सांगितलं. मी दवाखान्यात पोहोचले तोवर टाके घालून पट्टी बांधलेली होती. मी पहिला प्रश्न विचारला, तुकडा कुठंय? बर्फात घालून आणला असता तर काही करता आलं असतं.

आण्णा म्हणाले, "कुत्र्यानं नेला आसंल. तवा कोन बघत बसतंय?"

आक्का पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं, भेदरली आहे.

पट्टी निघाल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि निरोप ठेवला, कान नीट करून पाठवा. म्हणजे स्कूटर गॅरेजला टाकतात तसं. अर्ध्या कानाची सून लग्नकार्यात मिरवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. आक्का चोवीस तास डोक्यावरून पदर घेऊन वावरायला लागली आणि गल्लीतल्या बायका तिला "किती वळणाची हाय" म्हणायला लागल्या.

योगायोग म्हणा, आमच्या लॅबमध्ये नेमकं हेच काम चालतं. कानात जे वाकणारं, हाडापेक्षा मऊ असतं त्याला कूर्चा म्हणतात. चांगल्या कानामागून डाळीएवढी कूर्चा काढायची, तिच्यातल्या पेशी सुट्या करून वाढवायच्या. दुसरीकडे चांगल्या कानाचा स्कॅन घ्यायचा, कॉम्प्युटरवर तो आरशात दिसतो तसा उलटा करायचा आणि त्याचा जाळीदार साचा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. पेशी त्या साच्यावर सोडायच्या आणि शरीराइतक्या उबेत, इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. पेशी जाळी धरतात, नवी कूर्चा तयार करतात, साचा हळूहळू विरत जातो. काही आठवड्यांनी गुलाबी द्रवात एक पांढुरका कान तरंगत असतो. मग सर्जन तो कातडीखाली बसवतात. सगळं अजून चाचणीच्या पातळीवर आहे, पण आक्का निकषांत बसत होती आणि तिला घेतलं.

तपासणीच्या वेळी सर्जननी उरलेल्या कानाची कड बराच वेळ पाहिली. "मशीनचं पातं ना? मग कड अशी नागमोडी कशी?" असं त्यांनी आक्काला विचारलं. उत्तर आण्णांनी दिलं, "जुनं मशीन हाय साहेब, पातं लई बोथट." आक्कानं मान हलवली.

ती माझी बहीण म्हणून तिच्या नमुन्याला हात लावायची मला परवानगी नव्हती आणि मी लावलाही नाही. तिचं सगळं काम आमच्या लॅबच्या मुख्य मॅडम स्वतः करायच्या. मी फक्त काचेबाहेरून बघायचे. आक्काचा दर आठवड्याला फोन यायचा. पलीकडून एकच प्रश्न, "झाला का गं कान?" मी उत्साहात सांगायचे, होतोय होतोय, मस्त होतोय, लवकर होईल. ती "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

मग एका सकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. कान तयार होत आला होता, आकार उत्तम. पण वरच्या अर्ध्या भागावरून आडवी गेलेली खळग्यांची एक ओळ होती, कमानीसारखी वाकलेली. पुढच्या बाजूनं एक कमान, मागच्या बाजूनं दुसरी. पुढच्या कमानीत चार खळगे नीट, मग थोडी मोकळी जागा, मग एक तिरपा खळगा. खालची कूर्चा तिथे दबून अगदी पातळ झाली होती.

"चिमट्याचे वळ असतील का?" मी विचारलं.

"माझा चिमटा असा नाही," मॅडम म्हणाल्या. "साचा छापताना दोष राहिला असेल. हा बाद."

आक्काला फोन करून सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. घाई न्हाई." किती समजूतदार आहे माझी बहीण, असं मला वाटलं. आठवलं की अजून स्वतःचाच संताप येतो.

दुसऱ्या वेळी मॅडमनी काहीही नशिबावर सोडलं नाही. स्कॅनची फाइल पुन्हा तपासली. ती उजव्या, धड कानाची होती, गुळगुळीत. नवा साचा छापला आणि आम्ही दोघींनी तो भिंगाखाली कडेकडेनं पाहिला. पेशी गोठवून ठेवलेल्या साठ्यातून नव्यानं काढल्या. त्याच इन्क्युबेटरमध्ये, त्याच फळीवर, शेजारी दुसऱ्या एका पेशंटचा कान वाढत होता. तोच द्रव, तीच ऊब, तेच हात.

शेजारचा कान नितळ आला. आक्काच्या कानावर तीच ओळ होती. पुढून कमान, मागून कमान. चार खळगे, मोकळी जागा, एक तिरपा.

त्या दिवशी मॅडम माझ्याशी फार वाईट बोलल्या. कुणीतरी मुद्दाम केलंय असं त्यांना वाटलं आणि नातेवाईक लॅबमध्ये एकच होती. मग त्यांनी दाराचं रेकॉर्ड पाहिलं, कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. पेशी साच्यावर सोडल्यापासून त्यांच्याशिवाय आत कुणी गेलेलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, पण सगळा दिवस त्या स्वतःच्याच हातांकडं बघत होत्या. मी त्या कानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला. तो खळगा खळगा मोठा करून पाहिला. तुम्हाला आता जे सुचलंय ते मला तेव्हा सुचलं नाही, कारण निर्जंतुक खोलीत ते येणार कुठून?

इतक्यात अधिक महिना लागला. आपल्याकडं हा धोंड्याचा महिना. जावई म्हणजे विष्णूचं रूप. त्याला सासरी बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे करायचे आणि धोंडे खाऊ घालायचे. धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले गोळे, वर तुपाची धार. आईचा फोन आला, "दाजी येनारेत. तू बी ये. कान कवा बसतोय त्ये त्यास्नी नीट समजून सांग, म्हंजी आक्काला न्यायचा दिवस धरता येईल."

मी गेले.

दाजी आले ते पांढऱ्या कडक कपड्यांत, कानाला फोन लावूनच. आण्णांनी त्यांचे पाय धुतले. आईनं ओवाळलं. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दाजी तसे कमी हसणारे, हसले तरी ओठ मिटून. गुटखा खाणाऱ्यांची सवय असते तशी असेल, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

मी वाढत होते. दाजींनी एक धोंडा उचलून तसाच दातांनी तोडला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला म्हणून उरलेला अर्धा ताटात ठेवला आणि बोलत बसले. मी तुपाची वाटी घेऊन वाकले होते.

उकडलेल्या कणकेत दात छान उमटतात. चार खळगे नीट. मग मोकळी जागा. मग एक तिरपा.

वाटी माझ्या हातातच राहिली. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आक्का परातीपुढं बसली होती, हात कणकेत. मी दार लोटलं आणि तिच्यासमोर मोबाइल धरला.

"आक्का, हा तुझा कान. लॅबमधला. दोन्ही वेळा असाच आला. मशीन नव्हतं ना?"

तिनं हात पदराला पुसले. बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. हरवलेली वस्तू कुणीतरी आणून दिल्यासारखी ती बघत होती.

"ह्यो त्यांचा तिरपा दात," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. "तुझ्याशीच फोनवर बोलत व्हते मी. तू तुमच्या रूममधल्या पोरीचं कायतरी सांगत व्हतीस, मला लई हसू आलं. त्ये आले न् म्हनले, बहीण कान भरती व्हय गं तुझे? मी म्हनलं, न्हाई ओ, नुसती हसतीय. तर माझ्या हातातनं फोन काढून घेतला... आन् ज्या कानाला फोन व्हता त्यो..."

तो फोन मला आठवतो. ती हसता हसता कट झाला होता. मला वाटलं, रेंज गेली. मी तिला हसण्याची इमोजी पाठवली होती.

"आईला माहितीये?"

"कडबाकुट्टी म्हन, आसं आईनंच तर शिकवलं."

"आण्णांना?"

ते दवाखान्यात कसे भराभर बोलत होते ते मला आठवलं आणि उत्तराची गरज उरली नाही.

"मग कान कशापायी करून घेतीस, आक्का?" मी रडत होते, आणि रडायला लागले की माझी भाषा आपोआप गावाकडची होते.

"तुमी समदे म्हनलात म्हनून. दर आठवड्याला तुला फोन करून इचारत व्हते, तुला काय वाटलं, हौस हाय मला? झाला की जावं लागंल... म्हनून इचारत व्हते." ती पुन्हा कणीक मळायला लागली. "बाद झाला म्हनलीस ना, त्या दिवशी लई दिसांनी पोटभर जेवले मी."

मी बाहेर गेले. आतापर्यंत सवयीनं 'दाजी आले, दाजी बसले' असं लिहीत आले. इथून पुढं मला ते जमणार नाही.

तो जेवत होता. आई समोर बसून वारा घालत होती. मी फोटो त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"काय गं हे?"

"आक्काचा नवा कान. लॅबमध्ये, बंद पेटीत वाढलाय. ओळखू येतंय का काही?"

आधी त्याला कळलं नाही. मग तो फोटो बघत राहिला आणि मी त्याचा चेहरा बघत राहिले. त्याची जीभ आतून वरच्या ओठामागं फिरली, त्या तिरप्या दातापाशी थांबली. त्याचं त्यालाही समजलं नसेल. रंग उतरला. त्यानं तांब्या उचलला आणि ताटात हात धुतला. सगळं पाणी त्या अर्ध्या धोंड्यावर पडलं, तो फुटला, पुरण पसरलं. त्यावरच्या दातांच्या खुणांचा फोटो आधी काढायचं मला सुचलंच नाही.

तो उठला आणि गाडी घेऊन गेला.

आईनं हंबरडा फोडला. लेकीच्या कानासाठी नाही, तिच्यासाठी ती एकदाही माझ्यादेखत रडलेली नाही. "देवाच्या महिन्यात जावई ताटावरनं उठला गं... कुठं फेडशील हे पाप?" असं ती मला म्हणत होती. तिला सगळं माहीत होतं. माहीत असून तिनं त्याच दातांसाठी सकाळपासून धोंडे मऊ उकडले होते, त्यावर तूप सोडलं होतं. या गोष्टीत मला भीती वाटते ती याची, भुताची नाही.

आण्णा एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या बाटलीतल्या कानापायी हिचा संसार मोडला तू."

तेवढ्यात आक्का पिशवी घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. अर्धा कान तसाच उघडा. "मी वैशीसंगं चाललीय," म्हणाली. आण्णा दारात आडवे झाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगता येईल. कड्याच्या स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यात बायका बघत होत्या. आक्का त्यांच्याकडं सरळ बघत चालली होती.

पोलिसांत तक्रार करायचा प्रयत्न केला. दवाखान्यात तुमच्याच वडिलांनी मशीन सांगितलंय, आता इतक्या महिन्यांनी कसं बदलणार, असं विचारलं गेलं. एका वकीलबाईंना मी लॅबमधल्या कानाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, हे कोर्टात बोलू नका, तुमचं बाकीचं खरंही कुणी मानणार नाही. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पुण्यात आल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा पेशी लावल्या, तेवढंच. त्याच साठ्यातल्या पेशी, तीच फाइल, तेच इन्क्युबेटर. या वेळी आक्कानं एकदाही विचारलं नाही की झाला का.

तिसरा कान नितळ आला. एक ओरखडा नाही.

तो आक्काला बसवलाय. उजव्यापेक्षा किंचित फिकट आहे, पण ओळखू येत नाही. आधीचे दोन कान मॅडमनी औषधात घालून ठेवलेत. रिपोर्टमध्ये कारण लिहिलंय 'साच्यातील दोष', कारण दुसरं काही लिहिता येत नाही. जखमेची खूण धड कानाच्या पेशीत जात नाही, साच्यात जात नाही, हवेतून तर नाहीच. आक्कानं खरं सांगितलं म्हणून तिसरा नीट आला, असं मला कुणी म्हणालं तर मी चिडते. एवढा सोपा न्याय या जगात असता तर आईच्या स्वयंपाकघरात तो आधी दिसला असता. पण मग का? तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात असेल तर सांगा. मी खरंच ऐकून घेईन.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. आक्कानं उचलला आणि मुद्दाम डाव्या कानाला लावला. आईचा आवाज मोठा, मला बाजूला बसून ऐकू येत होता. "कान झाला म्हनं चांगला. मंग आता काय आडलंय? त्ये लोक न्यायला तयार हायेत. झालं गेलं गंगेला मिळालं."

आक्का शांतपणे म्हणाली, "आई, ह्यो कान नवा हाय. ह्याला आजून कुनी चावलेलं न्हाई. ह्याला घेऊन मी तिकडं येनार न्हाई."

आईनं फोन ठेवून दिला. गावात कुणी विचारलं तर ती अजूनही कडबाकुट्टीच सांगते.